नोकरीतून थेट पीएचडीला अप्लाय करायचंय, पण रेको (शिफारसपत्र) मागू कुणाकडे?

अर्धविराम

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्रच असते पण आता गाडं अडलंय म्हणून लिहितेय. इंजिनिअरिंग संपवून काही वर्षं झाली, सध्या डेटा ॲनालिसिसची नोकरी करतेय, काम बरंय, लोक बरे आहेत, पण हेच जन्मभर करायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट लिथियम आयन सेलवर होता, म्हणजे सेल चार्ज-डिस्चार्ज होऊन होऊन जुना होत जातो तसतसा त्याचा इंपिडन्स (विजेला होणारा अडथळा) कसा बदलतो ते मोजायचं, आणि अख्ख्या डिग्रीत मी आपणहून जागून काही वाचलं असेल तर ते तेव्हाच. तर मटेरियल्समध्ये पीएचडी करायची हे डोक्यात पक्कं आहे, येत्या डिसेंबरच्या डेडलाइन धरायच्या म्हणतेय, अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे बघतेय. मास्टर्स केलेलं नाही. पेपर नाही. मार्क ठीक आहेत, डोळे दिपतील असे नाहीत.

गोची अशी की रेको तीन लागतात आणि माझ्याकडे धड एकही नाही. प्रोजेक्टचे गाइड रिटायर झाले, त्यांना मेल टाकलाय, उत्तर नाही. एचओडी म्हणतात तूच लिहून आण, मी सही करतो. त्यांनी मला एकच विषय शिकवला होता आणि रोल नंबर सांगितल्याशिवाय त्यांना मी आठवत नाही. तिसरी ऑफिसातली मॅनेजर, तिला माझं काम नीट माहितीये पण तिचा रिसर्चशी काडीचा संबंध नाही. त्यात प्रोफेसरांना मेल पाठवायचं चालू आहे, ढिगाने पाठवले, एकाचंही उत्तर नाही. जीआरई ही प्रवेशपरीक्षा द्यायची का तेही कळत नाही, कुणी म्हणतं बंद झाली, कुणी म्हणतं हवीच. आणि मास्टर्स नसताना थेट पीएचडी मागणं म्हणजे आगाऊपणा तर नाही ना? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चष्मेबहाद्दर

माझेही हेच प्रश्न आहेत, फक्त विषय वेगळा. खुर्ची टाकून बसलोय.

प्रयोगवही

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. अमेरिकेत आगाऊपणा अजिबात नाही. तिकडे बॅचलर्सवरून सरळ पीएचडीला घेतातच, सायन्स-इंजिनिअरिंगमध्ये तर ते नेहमीचं आहे, पहिली एक-दोन वर्षं कोर्सेस, मग क्वालिफाइंग परीक्षा, आणि पुष्कळ ठिकाणी वाटेत एमएसची डिग्रीही हातात पडते. या विषयांत पीएचडीची ऑफर आली की साधारणपणे ट्यूशन माफ आणि वर टीए (शिकवण्यात मदत) किंवा आरए (संशोधनात मदत) म्हणून स्टायपेंड. एमएसला मात्र बहुतेक ठिकाणी पैसे आपले आपण.

युरोपचं गणित वेगळं. तिकडे बॅचलर्स, मग दोन वर्षं मास्टर्स, मग पीएचडी अशी पायरी आहे आणि मास्टर्स नसेल तर बहुतेक ठिकाणी अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन वगैरेंकडे पीएचडी ही बहुतेक वेळा सरळ नोकरीच असते, जागा निघते, जाहिरात येते, पगार मिळतो, त्यामुळे डिसेंबर-बिसेंबर काही नाही, वर्षभर कधीही. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा लोक फार शोधतात, त्यांना नियम असा की ज्या देशात जागा आहे तिथे आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. तो नियम तुम्हाला आडवा येणार नाही, मास्टर्स नसणं येईल. ब्रिटनमध्ये चांगल्या बॅचलर्सवर घेतात काही ठिकाणी, पण तिथली गोम अशी की ॲडमिशन आणि फंडिंग या दोन वेगळ्या लढाया आहेत, ॲडमिशनचं पत्र आलं म्हणजे पैसे आले असं समजायचं नाही. म्हणून माझं मत, या वर्षी युरोप बाजूला ठेवा. दोन्हीकडे अर्धं अर्धं लक्ष दिलं की दोन्हीकडचा अर्ज अर्धा होतो.

आता रेको. आमच्याकडे अर्ज चाळायला कमिटीत सीनियर पीएचडीवाल्यांनाही बसवतात, त्यामुळे पलीकडून कसं दिसतं ते बघितलंय. पत्र देणाऱ्याला एक लिंक जाते, ती उघडली की पत्र अपलोड करायच्या आधी बऱ्याचदा एक फॉर्म असतो. विद्यार्थ्याला किती काळ ओळखता, कुठल्या नात्याने ओळखता, आणि आजवर तुमच्या हाताखालून गेलेल्यांमध्ये ही व्यक्ती कुठे बसते, वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत. आता तुमचे एचओडी तिथे काय टिक करणार सांगा. आणि स्वतः लिहून सही घेतलेलं पत्र वाचणाऱ्याला ओळखू येतं हो, एसओपीत (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबतचं आपलं निवेदन) जी विशेषणं तीच पत्रात, वाक्यांची ठेवण तीच, स्वल्पविरामाच्या सवयी पण त्याच. नैतिक-अनैतिक जाऊद्या, नुसतं धोरण म्हणून बघितलं तरी ते पत्र तुमच्या विरोधात जातं, कारण एक पत्र बनावट वाटलं की उरलेल्या दोघांवरचाही भरवसा उडतो.

मॅनेजरचं पत्र जरूर घ्या. तीनपैकी एक ऑफिसचं चालतं, फक्त तिला ‘मेहनती, टीममध्ये मिसळते’ असलं काही लिहू देऊ नका. तुम्ही एखादा प्रश्न स्वतःहून धरला, डेटात घोळ होता तो शोधून काढला, तीनदा वाट चुकली तरी सोडलं नाही, असा एखादा खरा प्रसंग तिला आठवून द्या. कमिटीला एवढंच बघायचं असतं की उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नावर ही बाई काय करते. आणि गाइडना गाठाच. मेलला उत्तर नाही म्हणजे नकार नव्हे, रिटायर माणसाची कॉलेजची मेल कधी बंद झालीये हे त्यालाही माहीत नसतं. फोन नंबर काढा.

अजून एक, अर्जात विचारतात की पत्र बघायचा हक्क सोडता का. अमेरिकेतल्या १९७४ च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याला आपलं रेकॉर्ड बघता येतं त्यातून हा प्रश्न आलाय. सोडते म्हणा. नाही म्हटलंत तर लिहिणारा हात आखडून लिहितो आणि वाचणाराही मग तसंच वाचतो.

टिपकागद

जीआरईचं मी सांगतो. बंद झालेली नाही, पण खूप डिपार्टमेंटांनी अट काढून टाकलीये. प्रत्येक प्रोग्रामच्या पानावर तीनपैकी एक शब्द असतो, कम्पलसरी, ऑप्शनल किंवा ‘स्वीकारत नाही’. विद्यापीठाच्या मेन पानावर बघू नका, डिपार्टमेंटच्या पानावर बघा, एकाच विद्यापीठात मेकॅनिकलला हवी आणि मटेरियल्सला नको असंही असतं. ‘स्वीकारत नाही’ लिहिलं असेल तर सीव्हीतही स्कोर घालायचा नाही, हुशारी करू नये. परीक्षा आता छोटी झालीये, सप्टेंबर २०२३ पासून १ तास ५८ मिनिटांची, निबंधही दोनाऐवजी एकच. स्कोर ५ वर्षं चालतो. टोफेल, आयईएलटीएसचा २ च वर्षं, त्यामुळे ती फार आधी देऊन ठेवू नका. तुमचे मार्क मध्यम आहेत म्हणताय, तर जिथे ऑप्शनल आहे तिथे क्वांट (गणिताचा भाग) चांगला आला तर टाका, नाहीतर गप्प बसा. पण इंजिनिअरिंगला क्वांट सगळ्यांचाच चांगला असतो, त्यावर कुणी आत जात नाही.

आता न विचारलेलं. प्रयोगवहींशी एका बाबतीत असहमत. एमएसला पैसे लागतात आणि पीएचडीला मिळतात म्हणून पीएचडी, हे कारण लई लोकांकडून ऐकलंय आणि ते वाईट कारण आहे. पाच-सहा वर्षांचा मामला आहे. मधेच एमएस घेऊन बाहेर पडता येतं हे खरं, पण पहिल्या दिवसापासून तोच बेत असेल तर ज्याच्या ग्रँटवर (संशोधनासाठी मिळालेल्या पैशावर) तुम्ही बसलाय त्याला तुम्ही टोपी घालताय. धागाकर्तीने स्वतःला विचारावं की पीएचडी हवीये का नोकरी नकोय. हलके घ्या.

प्रयोगवही

@टिपकागद, मुद्दा बरोबर, पण त्यांनी ‘आपणहून जागून वाचलं’ असं लिहिलंय, नुसती नोकरी नकोय असा सूर मला तरी दिसला नाही. आणि नोकरी करून आलेले लोक पीएचडीत पुष्कळदा जास्त टिकून राहतात असा माझा अनुभव, त्यांना सोमवार सकाळ कशी असते ते माहीत असतं.

उगाच_एक

मेलांबद्दल लिहितो. ढिगाने पाठवले यातच उत्तर आहे. प्रोफेसर लोकांना असे मेल रोज येतात, ‘आदरणीय प्रोफेसर, आपलं संशोधन वाचून मी प्रभावित झाले’, दुसऱ्या ओळीत सगळा सीव्ही, तिसऱ्या ओळीत कृपया फंडिंग. मोबाइलवर नुसता विषय बघून उडवतात.

आधी हे बघा की त्या डिपार्टमेंटात मेलचा उपयोग आहे का. बायोलॉजी-केमिस्ट्रीकडे बऱ्याच ठिकाणी कमिटी घेते, पहिल्या वर्षी लॅब रोटेशन (वेगवेगळ्या लॅबमध्ये थोडे थोडे दिवस काम), मग गाइड ठरतो, तिथे आधी मेल करून फार काही हलत नाही. इंजिनिअरिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी प्रोफेसरच्या खिशात ग्रँट असेल तरच तो नाव पुढे करतो, तिथे मेल कामाचा. त्यातून २०२५ मध्ये अमेरिकेत सरकारी रिसर्च फंडिंगला कात्री लागली तेव्हा काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, काहींनी तर दिलेल्या ऑफर मागे घेतल्या, त्यामुळे ‘येत्या फॉलला तुम्ही विद्यार्थी घेणार आहात का’ हा एक प्रश्न विचारायलाच हवा. समोरचा उत्साहाने भरभरून बोलला तरी हे विचारा, उत्साह फुकट असतो.

मेल पाच-सहा ओळींच्या वर नको. एक ओळ तुम्ही कोण, दोन ओळी तुम्ही काय केलंत, मग त्यांच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या एखाद्या पेपरवर खरा प्रश्न. खरा म्हणजे तुम्हाला पडलेला. गोषवारा वाचून तयार केलेला नाही, तो कळतो. मग वरचा विद्यार्थी घेण्याचा प्रश्न. सीव्ही जोडा. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा बरा काळ, डिसेंबरात कुणी बघत नाही. आणि मेल पाठवायच्या आधी लॅबच्या वेबसाइटवर ‘जॉइन’वालं पान उघडाच, काही जण तिथे लिहून ठेवतात की विषयात अमुक शब्द टाका, तो शब्द नसेल तर मेल वाचलाच जात नाही. तेवढी चाळणी त्यांनी मुद्दाम लावलेली असते.

दहा प्रोफेसरांना मेल करण्यापेक्षा त्या लॅबमधल्या एका पीएचडी विद्यार्थ्याला करा. तो उत्तर देतो. लोक साधारण किती वर्षांत बाहेर पडतात, गाइड भेटतो किती वेळा, मधेच सोडून कोण गेलं का, हे विचारा. रँकिंग यातलं काही सांगत नाही. मेलवर तो गुळमुळीत बोलला आणि ‘कॉलवर बोलू’ म्हणाला तर काय समजायचं ते समजून घ्या.

चष्मेबहाद्दर

वाचनखूण साठवली. एक विचारतो, किती ठिकाणी अप्लाय करावं? कुणी वीस म्हणतं.

उगाच_एक

वीस ठिकाणी म्हणजे वीस फिया आणि वीस वेळा तोच एसओपी नाव बदलून. आठ-दहा ठेवा, आणि यादीत जागा विद्यापीठाला नाही द्यायची, ज्यांच्याकडे जायला आवडेल असे किमान दोन-तीन लोक तिथे असतील तर द्यायची. एकच प्रोफेसर बघून अर्ज केला आणि तो दुसरीकडे गेला, किंवा ट्यूशन भरणारी ग्रँट संपली, तर बसा बोंबलत. फी माफीचा अर्ज बऱ्याच ठिकाणी असतो, डेडलाइनच्या बराच आधी करावा लागतो, काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना लागू नसतो, विचारून बघायला काय जातंय.

अर्धविराम

बाप रे, एवढी उत्तरं. सगळ्यांचे आभार. युरोप या वर्षी सोडते, पटलं. टिपकागद, तुमचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता, उत्तर हो, पीएचडीच हवीये. एचओडींना नम्रपणे नाही म्हणाले, त्यांना खरंतर सुटल्यासारखं वाटलं असं चेहऱ्यावरून दिसलं. ज्या मॅडमनी इलेक्ट्रोकेमिस्ट्री शिकवली होती आणि ज्यांच्याकडे मी शंका विचारायला सारखी जायचे त्या तयार झाल्यात.

एसओपीची सुरुवात टाकतेय, निर्दयपणे सांगा.

‘लहानपणापासूनच मला गोष्टी कशा चालतात याचं कुतूहल होतं. आजच्या जगात स्वच्छ ऊर्जा ही काळाची गरज आहे आणि बॅटरी तंत्रज्ञान त्यात मोलाची भूमिका बजावतं. माझ्या प्रोजेक्टमधून मला या क्षेत्राची गोडी लागली आणि माझी विश्लेषणक्षमता विकसित झाली.’

टिपकागद

निर्दयपणे सांगायचं तर यातलं एकही वाक्य तुमचं नाही. शेजारच्या बाकावरच्याने पण हेच लिहिलंय.

प्रयोगवही

टिपकागद तोंडाने फटकळ पण बरोबर आहेत. एक सांगा, प्रोजेक्टमध्ये काय अडलं होतं? काय जमलं ते नको, काय अडलं ते.

अर्धविराम

अडलं म्हणजे, कमी फ्रिक्वेन्सीला आलेख जुळायचेच नाहीत. तोच सेल, तेवढाच चार्ज, पण दोनदा मोजला तर डावीकडचं अर्धवर्तुळ सेम आणि उजवीकडची, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीची, शेपटी दरवेळी वेगळीकडे. सगळे म्हणत मशीन जुनं आहे, ते पॉइंट गाळून टाक. आधीच्या बॅचपासून चालत आलेली पद्धत अशी होती की चार्जिंग थांबलं की लगेच मोजायला घ्यायचं. पण १ मिलिहर्ट्झला एक आवर्तन पुरं व्हायलाच १००० सेकंद लागतात, आणि चार्जिंग नुकतंच थांबलेलं असलं तर तेवढ्या वेळात सेलचं व्होल्टेजच हळूहळू सरकत असतं, मग आपण मोजतोय काय? म्हणून मी सेल काही तास नुसता ठेवून मग मोजला, आलेख एकावर एक बसायला लागले. मग क्रेमर्स-क्रोनिगची टेस्ट (मोजलेले आकडे आपापसांत सुसंगत आहेत का ते बघणारी) लावून बघितली, जुन्या डेटातले ते शेपटीचे पॉइंट नापास, नव्यातले पास. पण त्यात विशेष काही नव्हतं, रिपोर्टमध्ये अर्ध्या पानात उरकलंय.

प्रयोगवही

अहो मग हेच लिहा ना! अर्ध्या पानात उरकलंय काय, अख्ख्या अर्जात कामाचं तेवढंच आहे. लोक सांगत होते पॉइंट गाळ, तुम्ही गाळले नाहीत, का हलतायत त्याचं कारण काढलं आणि ते कारण खरं आहे हे दुसऱ्या पद्धतीने तपासलं. बॅटरीवाला प्रोफेसर हे वाचून खुर्चीत सरळ बसेल. पहिलं वाक्य सरळ ‘माझ्या प्रोजेक्टमध्ये एकाच सेलचे दोन आलेख जुळत नव्हते’ असं करा, स्वच्छ ऊर्जा, काळाची गरज वगैरे सगळं कापा, तो माणूस त्याच विषयात जन्म घालवतोय, त्याला गरज पटवून द्यायला नको.

मग दुसरा परिच्छेद, यातून आता कुठला प्रश्न पडलाय. म्हणजे जुन्या झालेल्या सेलला स्थिरावायला जास्त वेळ लागतो का, लागत असेल तर का, असं काहीतरी, तुम्हालाच सुचेल. मग नोकरीबद्दल तीन-चार ओळी, माफी मागितल्यासारखं नको, मोठ्या आणि घाणेरड्या डेटाशी खेळायची सवय झालीये हे बॅटरी टेस्टिंगवाल्यांना हवंच असतं. शेवटी त्या डिपार्टमेंटातले दोन-तीन लोक आणि त्यांच्या कुठल्या कामाशी तुमचा प्रश्न लागतो. दोन पानांच्या आत, आणि शब्दमर्यादा दिली असेल तर ती पाळा. स्टेटमेंट ऑफ पर्पज आणि पर्सनल स्टेटमेंट असे दोन वेगळे मागतात काही जण, लहानपण-बिनपण, घरच्या अडचणी असलं काही असेलच तर दुसऱ्यात.

आणि हाच किस्सा मॅडमना आणि गाइडना आठवण म्हणून पाठवा, रिपोर्टच्या त्या पानासकट. त्यांच्या पत्रात हे त्यांच्या नजरेतून आलं तर तुमच्या एसओपीला साक्षीदार मिळाला.

उगाच_एक

+१. मेलमध्ये पण हेच टाका, दोन ओळींत.

चष्मेबहाद्दर

अवांतर: ऑफर आली तर किती दिवसांत सांगावं लागतं? मित्राला एका ठिकाणाहून दोन आठवड्यांत कळवा असं आलंय, बाकीचे निकाल बाकी आहेत.

टिपकागद

फंडिंगसकट ऑफर असेल तर १५ एप्रिलचा ठराव बघ. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा आहे, ज्या विद्यापीठांनी त्यावर सही केलीये ती फंडिंगच्या ऑफरवर १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायची सक्ती करू शकत नाहीत. सह्या करणाऱ्यांची यादी त्यांच्या साइटवर असते, नाव शोध आणि असेल तर नम्र मेल टाक. स्वखर्चाच्या एमएस ॲडमिशनला हे लागू नाही, तिथे ते मागतील तेव्हा डिपॉझिट. युरोपात तर प्रश्नच नाही, नोकरीची ऑफर आहे, नोकरीसारखंच उत्तर द्यायचं. पण एप्रिलपर्यंत चार ऑफर कुशीत घेऊन बसू नको म्हणावं, जिथे जायचं नाही हे ठरलंय तिथे लगेच नाही कळवायचं, वेटलिस्टवरचा कुणीतरी तुझ्यासारखाच धागे वाचत बसलेला असतो.

अर्धविराम

गाइडचा फोन लागला! त्यांना तो आलेख माझ्यापेक्षा जास्त आठवत होता, क्रेमर्स-क्रोनिगचं नाव त्यांनीच आधी काढलं. पत्र देतो म्हणाले. पण कॉलेजची मेल खरंच बंद झालीये, साधी वैयक्तिक मेल आहे. चालेल का? आणि त्यांना ऑनलाइन फॉर्मची फार भीती वाटते.

प्रयोगवही

मस्त! चालतं, फक्त पत्र लेटरहेडवर असू दे, ते मिळत नसेल तर वर नाव, आधीचं पद, कुठून कधी रिटायर झाले हे स्पष्ट लिहू दे. कॉलेजला विचारून बघा, रिटायर लोकांना मेल परत चालू करून देतात कधी कधी. काही विद्यापीठं वैयक्तिक मेल घेत नाहीत, तसं असेल तर तिथल्या ग्रॅज्युएट ऑफिसला आधीच एक मेल टाका, ते पर्याय देतात.

फॉर्मचं म्हणाल तर काही सिस्टिममध्ये तुम्ही त्यांचं नाव-मेल भरलं की लगेच लिंक जाते, काहींमध्ये अर्ज सबमिट केल्यावरच जाते. दुसरा प्रकार असेल तिथे डेडलाइनच्या दिवशी सबमिट करू नका, निदान तीन आठवडे आधी करा. सगळ्या लिंका एकाच आठवड्यात जातील असं बघा, आणि त्यांना आधी सांगून ठेवा की मेल स्पॅममध्ये पण बघा. पहिल्या फॉर्मच्या वेळी फोनवर सोबत बसा, कुठे क्लिक करायचं तेवढंच सांगा, टक्क्यांवर टिक करायच्या वेळी फोन ठेवून द्या.